कोऱ्या पत्राचं उत्तर : शोध, आनंद आणि रोजची कामं

चांगदेवांच्या गोष्टीतला वाघ आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. हातात सापाचा चाबूक घेऊन वाघावर बसलेले चांगदेव, आणि समोरून भिंतीवर बसून येणारी चार भावंडं. खान्देशात तर ही गोष्ट घरचीच. मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे चांगदेव नावाचं गाव आहे, तिथे दगडी हेमाडपंती देऊळ आहे, आणि जवळच कोथळी-मेहूणला मुक्ताबाईची देवळं आहेत. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. वऱ्हाडातून, बऱ्हाणपुराकडून दिंड्या येतात. यात्रेहून परतणाऱ्याला वाघाचं विचारा, तो रंगवून सांगेल. चांगदेवांनी आधी एक पत्र पाठवलं होतं, ते कोरं का होतं, हे विचारलं की बहुतेक जण थांबतात.

मला ते पत्र वाघाहून मोलाचं वाटतं. माणूस अध्यात्माच्या वाटेला लागतो तेव्हा नेमकं काय शोधतो, आणि एवढं शोधूनही घरातल्या साध्या दिवसात त्याला आनंद का मिळत नाही, हे त्या पत्रावरून फार स्वच्छ कळतं.

झालं असं. चांगदेव मोठे योगी. परंपरा त्यांचं वय १४०० वर्षं सांगते. ज्ञानेश्वरांची कीर्ती त्यांच्या कानावर गेली तेव्हा भेटीला जाण्याआधी पत्र लिहावं असं त्यांनी ठरवलं. पण मायना अडला. ज्ञानेश्वर वयानं पोर, तेव्हा ‘चिरंजीव’ लिहावं तर ते ज्ञानानं मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावं तर आपण वयानं मोठे. एकही शब्द न लिहिता त्यांनी कोरा कागदच पाठवून दिला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा योगी कोरा तो कोराच राहिला. ती स्वतः तेव्हा विशीतही नव्हती. पुढे तिनंच चांगदेवांना उपदेश केला.

लक्षात घ्या, चांगदेवांची साधना काही खोटी नव्हती. श्वास त्यांच्या ताब्यात होता, काळ ताब्यात होता, वाघसुद्धा ताब्यात होता. अडले ते एका हिशेबाशी. मी मोठा की तो मोठा, मी कुठवर पोचलो आणि तो कुठवर पोचला, या हिशेबाशी. आणि हा हिशेब आपल्या सगळ्यांच्या घरात रोज चालतो. नोकरीत चालतो, शेताच्या बांधावर चालतो, आणि दुःखाची गोष्ट ही की देवघरातही चालतो. किती माळा झाल्या, किती पारायणं झाली, शेजारचे नाना ध्यानाला तासभर बसतात आणि माझे पाय वीस मिनिटांत दुखतात.

हिशेबानं आनंद का हाती लागत नाही हे समजायला तैत्तिरीय उपनिषदातला एक भाग फार उपयोगी आहे. त्यात चक्क आनंदाचं माप काढलंय. एक माणूस धरा : तरुण, सुस्वभावी, शिकलेला, धडधाकट, आणि धनानं भरलेली अख्खी पृथ्वी त्याच्या मालकीची. त्याचा आनंद म्हणजे माणसाच्या आनंदाचं एक माप. याच्या शंभर पट आनंद मनुष्यगंधर्वाला. त्याच्या शंभर पट देवगंधर्वाला. मग पितर, मग देवांचे वेगवेगळे वर्ग, मग इंद्र, बृहस्पती, प्रजापती, ब्रह्मा. माणसाच्या वर दहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला शंभरानं गुणायचं. वाचता वाचता डोकं गरगरायला लागतं. पण माणसाच्या वरच्या प्रत्येक पायरीवर उपनिषद एकच वाक्य पुन्हा म्हणतं : आणि हाच आनंद, ज्याला वासनेनं घायाळ केलं नाही अशा जाणत्यालाही आहे. इंद्राचा आनंद सांगितला, लगेच तेच वाक्य. ब्रह्माचा सांगितला, पुन्हा तेच. म्हणजे शिडी चढून गेलेल्याला जे मिळालं, ते खाली अंगणात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे आधीपासून आहे. त्यानं एवढंच केलं, की शिडीकडे आशेनं बघणं सोडलं.

आधुनिक मानसशास्त्र दुसऱ्या वाटेनं याच्याजवळ येतं. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांची त्यांनी आसपासच्या सामान्य लोकांशी तुलना केली. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे रोजच्या लहानसहान गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली होती. मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद ऐकणं, यांतून त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद मिळत होता. अभ्यास लहान होता, त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण मनाची एक सवय तो दाखवतो. मोठं सुख आलं की मन त्याला लवकर सरावतं आणि मोजपट्टी वर सरकवून ठेवतं. नव्या मोजपट्टीला मग कालची भाकरी लहान दिसते.

अध्यात्माच्या अनुभवांचंही हेच होतं, आणि हे कुणी सहसा सांगत नाही. एखाद्या सप्ताहात, एखाद्या शिबिरात मन असं काही शांत होतं की डोळे भरून येतात. घरी आल्यावर चौथ्या दिवशी मुलाच्या फीची चिंता, विहिरीवरची मोटार जळाल्याची बातमी, जावेशी बोलाचाली. आणि माणूस खिन्न होतो : इथे काही मिळत नाही, मिळतं ते तिथेच. त्याच्या दिवसाचे दोन तुकडे पडतात, एक साधनेचा आणि एक संसाराचा, आणि दुसरा तुकडा त्याला अडगळ वाटू लागतो. साधकाला यापेक्षा मोठं नुकसान नाही असं मला मनापासून वाटतं. कारण आयुष्याचा बहुतेक भाग त्या दुसऱ्याच तुकड्यात आहे.

आता उत्तराकडे येऊ. कोरं पत्र पाहून निवृत्तिनाथांनी ज्ञानेश्वरांना उत्तर लिहायला सांगितलं. त्या पासष्ट ओव्या म्हणजे चांगदेव पासष्टी. आपल्या भाषेतलं अद्वैताचं, म्हणजे मुळात दोन काही नाही, एकच आहे या विचाराचं, इतकं नेटकं विवरण दुसरं नसेल. ते अवघड आहे, पण गाभा साध्या बोलीत सांगता येतो.

समजा तुम्ही शेतात उभे आहात आणि समोर लिंबाचं झाड आहे. इथे तीन गोष्टी आहेत असं आपण धरतो : बघणारा मी, दिसणारं झाड, आणि बघणं. शास्त्रात याला त्रिपुटी म्हणतात. आपली समजूत अशी की मी इकडे, झाड तिकडे, आणि बघणं हा मधला धागा. ज्ञानेश्वर म्हणतात, नीट पाहा. झाड दिसत नसेल तेव्हा ‘झाड बघणारा’ कुठे असतो? बघणारा आणि दिसणारं एकदमच उभे राहतात आणि एकदमच मावळतात. खाली जे टिकून असतं ते नुसतं जाणणं. तेच जाणणं एका बाजूनं बघणारा होतं आणि दुसऱ्या बाजूनं जग होतं. सोन्यानं आपलं सोनेपण जराही न गमावता दागिना व्हावं, तसं.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली : जग हे सत्यावर पडलेलं मळकट पांघरूण नव्हे. पुष्कळ साधकांना वाटतं की संसार ही माया, फसवणूक, तो बाजूला सारला की पलीकडे देव. ज्ञानेश्वरांची वाट तशी नाही. अमृतानुभवातलं सातवं प्रकरण त्यांनी ‘अज्ञान नावाची काही वेगळी वस्तू आहे’ हे मत खोडण्यातच घातलंय. जग म्हणजे त्या एकाच जाणिवेचं फुलणं, तिचा विलास. दागिना मोडल्याशिवाय सोनं दिसत नाही असं थोडंच आहे? पाटल्या हातात असतानाही सोनं हातातच असतं. मग स्वयंपाक, शेत, दुकान, शाळा, आजारी सासऱ्यांचं अंथरूण, यांतलं काहीही हटवून देव शोधायचं कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट शोधणाऱ्याबद्दल. पासष्टीत मिठाचा दृष्टांत आहे. मीठ पाण्याचा थांग घ्यायला आत शिरलं, आणि तेच उरलं नाही, मग माप कोण घेणार? साधनेत आपण नेमके असेच उभे असतो. ‘मला आत्मा सापडावा’ असं म्हणताना सापडणाऱ्या वस्तूच्या शेजारी ‘मला सापडला’ असं म्हणणारा एकजण आपल्याला शिल्लक हवा असतो. चांगदेवांचा मायना अडला तो याच उरलेल्या एकामुळे. म्हणून ज्ञानेश्वर त्यांना कुठली नवी क्रिया शिकवत नाहीत. तुझीमाझी भेट म्हणजे आपणच आपल्याला भेटणं आहे, असं ते सांगतात, आणि शेवटाकडे म्हणतात की चांगदेवांच्या निमित्तानं निवृत्तिनाथांनी लोभानं आपल्यालाच हा स्वानुभवाचा खाऊ दिला. वयानं कितीतरी लहान माणूस एका म्हाताऱ्या योग्याला उपदेश करतोय आणि त्या उपदेशात मोठेपणाचा वासही नाही. हे मला प्रत्येक वाचनात थक्क करतं.

हे सगळं ऐकायला मोठं वाटतं, पण त्याची चव आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडच्या कुठल्याही घरात कळण्याची भाकरी करणाऱ्या बाईकडे जरा थांबून बघा. ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळलेलं ते पीठ. उडदामुळे ते हाताला वेगळं लागतं, पाणी किती घालायचं हे भांडं सांगत नाही, बोटं सांगतात. गोळा मळून मळून मऊ झाला की तळहाताच्या कडेनं थाप पडायला लागते आणि परातीत भाकरी आपोआप फिरू लागते. मध्ये जाड राहिली तर हात तिथेच एक थाप जास्त देतो. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग चुलीच्या तोंडाशी उभी केली, आणि पापुद्रा टम्म सुटला. त्या मिनिटाभरात ‘मी भाकरी करते आहे’ असा वेगळा विचार तिच्या मनात बहुधा नसतो. करणारी, करणं आणि भाकरी, तिन्ही एकाच हालचालीत असतात. एवढ्यात कुणी म्हणालं, ‘आक्का, तिच्या भाकरी तुझ्यापेक्षा पातळ होतात बरं’, की त्रिपुटी तिघांत फुटते. करणारी वेगळी होते, भाकरी परीक्षेला बसते, आणि मघाचा निवांतपणा संपतो.

मी असं म्हणत नाही की भाकरी थापणारी प्रत्येक बाई ब्रह्मज्ञानी आहे. कष्टाचे उगीच गोडवे गाऊन बायकांना चुलीपाशीच बसवून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, ती मला मान्य नाही. भाकरी पुरुषानं थापली तरी गोष्ट तीच. मुद्दा एवढाच की ‘मी’चा हिशेब क्षणभर थांबला की जे उरतं ते रिकामं नसतं, त्याला चव असते. ती चव सगळ्यांनी घेतलेली आहे. साधना म्हणजे ती ओळखीची करून घेणं.

खान्देशातलंच आणखी एक उदाहरण. अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तालुक्याच्या गावी, बोरी नदीच्या काठी, वेदान्ताचा अभ्यास करण्यासाठी एक संस्था. देशभरातले अभ्यासक तिथे आले. साने गुरुजी सुरुवातीला इथेच तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला आले होते. पुढे ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं. ग्रंथांत त्यांचं मन रमलं नाही असं नव्हे, पण त्यांचा जीव लागला तो मुलांत. मुलांच्या खोल्या नीट करणं, विस्कटलेले कपडे घडी घालून ठेवणं, कुणी आजारी पडलं की उशाशी बसणं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. तत्त्वज्ञान सोडून ते छात्रालयाकडे वळले असं बरेचदा म्हटलं जातं. मला वाटतं, अद्वैत नुसतं वाचायचं की त्यात राहायचं याचं उत्तर त्यांनी मुलांच्या कपड्यांच्या घड्यांत दिलं.

यात उपनिषदाच्या विरुद्ध काहीच नाही. तैत्तिरीयातच भृगूची कथा आहे. तो बापाला, वरुणाला विचारतो, ब्रह्म म्हणजे काय? वरुण म्हणतो, तप कर आणि शोध. भृगूला आधी वाटतं अन्न हेच ब्रह्म. मग प्राण, मग मन, मग विज्ञान म्हणजे जाणती बुद्धी, आणि अखेर आनंद. इथे कथा संपायला हवी होती. पण पुढच्याच वाक्यांत उपनिषद परत अन्नाकडे वळतं : अन्नाची निंदा करू नये. अन्न टाकू नये. अन्न पुष्कळ पिकवावं. दारी आलेल्या कुणालाही नाही म्हणू नये. ही व्रतं आहेत, आणि ती आनंदापर्यंत पोचून झाल्यावर सांगितलेली आहेत. शोध वर जातो आणि परत कणगीपाशी, चुलीपाशी, उंबऱ्याशी येतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घरात खापराच्या पोळ्या होतात, पितरांसाठी घागर भरली जाते, दारी आलेला पाहुणा उपाशी परतत नाही. आपण हे सण म्हणून करतो. उपनिषदाची व्रतं याहून फार वेगळी नाहीत.

आनंद म्हणजे सदा हसतमुख असणं असा समज मात्र करून घेऊ नका. ताटीचे अभंग आठवा. लोकांच्या निंदेनं दुखावून ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून बसले. आत कोण आहे हे मुक्ताबाईला ठाऊक होतं, तरी तिनं त्यांना ‘तुम्ही ज्ञानी, तुम्हाला दुःख कसलं’ असं सुनावलं नाही. जग रागानं आग झालं तर संतानं सुखानं पाणी व्हावं, अशी समजूत घालत ती दार उघडा म्हणत राहिली. शोध घेणाऱ्यालाही लागतं, खुपतं. दुःख होऊ नये हा साधनेचा हेतू नाही. दुःखातही कुणाचा तरी हात दारावर असावा आणि आपण दार उघडावं, एवढी जागा मनात राहावी.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कर्ज डोक्यावर असलेल्या, पीक गेलेल्या माणसाला ‘आनंदात राहा, ध्यान करा’ असं सांगणं हा अध्यात्माचा उपयोग नव्हे, तो कोडगेपणा आहे. त्याला आधी माणसं आणि मदत हवी. तसंच झोप उडालेली आहे, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तो साधनेतला टप्पा समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि तुमच्या हिशेबी मनालाच खतपाणी घालणारा, अमुक रकमेत अमुक पायरी विकणारा बुवा भेटला, तर मुक्ताबाईनं त्याला काय म्हटलं असतं ते आठवा.

रोजच्या दिवसात काय करावं? मी कुणाला मोठी व्रतं सुचवणार नाही. रोज करावंच लागणारं एक काम निवडा. गोठा झाडणं, केळीला पाणी देणं, बसनं जळगावला जाणं, भांडी घासणं, काहीही. ते करताना मोबाईल दूर ठेवा आणि ते काम लवकर उरकायची घाई एवढ्यापुरती सोडा. मन पळेल. पळू द्या, कळलं की परत हातातल्या कामाकडे या. परत येताना स्वतःवर चिडू नका, कारण चिडणारा तोच जुना हिशेबनीस असतो. काही दिवसांनी एक गोष्ट हळूच लक्षात येते : मन बहुतेक वेळा कुणाशी तरी तुलनेत गुंतलेलं असतं. बघायचं ते हेच. तुलना दिसली की ती सैल होते. दाबून टाकावी लागत नाही. नामस्मरण करणाऱ्यांना ही वाट सोपी जाते, कारण नाम कामासोबत चालतं. मुक्ताबाईच्या पालखीसोबत मुक्ताईनगराहून पंढरपुरापर्यंत महिनाभराहून जास्त चालणारे वारकरी ध्यानाला वेगळे बसत नाहीत. चालणं, भजन, भाकरी आणि झोप, एवढ्यात त्यांचा दिवस भरतो. घरी परतल्यावर त्यातली चाल सुटते, बाकीचं घरात चालू ठेवता येतं.

पासष्टी वाचायची असेल तर अर्थासह छापलेली प्रत घ्या. मूळ ओव्या मोठ्यानं वाचा, सगळ्या मिळून अर्ध्या तासाच्या आत होतात. पहिल्या दहा-बारा ओव्या अवघड आहेत, तिथे अडून बसू नका. सोन्याच्या आणि मिठाच्या ओव्यांपाशी थांबा, आणि शेवटच्या ओव्या, जिथे ज्ञानेश्वर चांगदेवांच्या भेटीबद्दल लोभानं बोलतात, त्या दोनदा वाचा. घरात कुणी सोबत ऐकणारं असेल तर आळीपाळीनं वाचा, कारण ते मुळात पत्रच आहे.